अडीच हजार फुटांवरचं आरमार

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर आहे. समुद्राशी आमचा संबंध म्हणाल तर वेंगुर्ला रोड, म्हणजे त्या रस्त्याचं नाव. रेल्वे यायच्या आधी इथल्या छावणीचं सामान वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचं आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर यायचं. आता त्या वाटेनं वर येतात ते आंबे, काजू आणि बर्फात झोपलेले बांगडे. अशा गावात कुणी जहाज बांधायला घेतलं तर लोक हसतील, असं तुम्हाला वाटेल. बेळगावात हसत नाहीत. बेळगावात आत येतात, खुर्ची ओढून बसतात, जहाज हातात घेऊन उलटंसुलटं करतात आणि म्हणतात, "हे असं न्हवं."

माझी सगळी तक्रार त्या "हे असं न्हवं"बद्दल आहे.

सुरुवात झाली दिवाळीच्या किल्ल्यावरून. दुसरीकडे दिवाळीतला किल्ला हे पोरांचं काम असतं. इथं ते गल्लीचं असतं. चाळिशीतले बाप्ये कारखान्यातून रजा काढून गुडघाभर चिखल तुडवतात आणि रात्री दोनला राजगडाच्या बुरुजावरून भांडतात. डोंगरी किल्ला करणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं. पोती पसरली, माती लिंपली, अळीव पेरलं की चार दिवसांत सह्याद्री हिरवागार. जलदुर्गवाल्यांचे मात्र हाल. पाणी आणा, ते मुरू नये म्हणून खाली प्लॅस्टिक घाला, आणि एवढं करून समुद्र मोकळा दिसतो म्हणून जहाजं करा.

आमच्या भाच्यानं यंदा खांदेरी करायची ठरवली. १६७९ साली महाराजांच्या माणसांनी या बेटावर तट बांधायला घेतला. मुंबई तिथून उत्तरेला सुमारे २० किलोमीटर. आपल्या दारासमोर कुणी परक्यानं पाया खणायला घेतला तर कुणालाही झोप लागत नाही, इंग्रजांना तरी कशी लागणार? त्यांनी जहाजं पाठवली. ऑक्टोबरात मराठी आरमाराच्या दौलतखानाची पन्नासेक गलबतं पहाटे त्यांच्यावर अशी चालून आली, की नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. 'डव्ह' नावाचं इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. 'रिव्हेंज' मात्र एकटं झुंजत राहिलं. पुढं मोठ्या जहाजांनी पाठलाग केला, की आपली गलबतं उथळ पाण्यातून नागोठण्याच्या खाडीत शिरायची आणि मोठी जहाजं बाहेर नुसती बघत उभी राहायची.

भाच्याचं पहिलं जहाज हवाई चपलेचं होतं. माझ्याच. डाव्या पायाची टाच ब्लेडनं कापून त्यानं नाव केली, उदबत्तीच्या काडीची डोलकाठी रोवली, लग्नपत्रिकेचं शीड लावलं. जहाज म्हणून ते ओळखू येत नव्हतं, पण टबात सोडलं की बुडत नसे, उलटं केलं की आपोआप सुलटं होई, आणि मांजरानं दोनदा चावूनही त्याला काही झालं नाही. मग आमच्या आईच्या नजरेला ते पडलं.

"महाराजांचं आरमार," ती म्हणाली, "आणि चपलेचं?"

घरात शांतता पसरली. भाचा हुशार. तो म्हणाला, "आजी, हे इंग्रजांचं हाय."

"मग चालतंय," आई म्हणाली आणि आत गेली.

अशा रीतीनं माझी चप्पल 'रिव्हेंज' झाली. तेव्हा आम्हाला कळलं नाही, पण त्या जहाजाचं नशीब तिथंच उजळलं. कारण इंग्रजांच्या जहाजात सुधारणा करावी असं बेळगावात कुणालाही वाटणं शक्य नव्हतं.

दिवाळी सरली, किल्ला मोडला, माती परत शेतात गेली. जहाजं उरली. भाच्यानं कुठंतरी वाचलं होतं, की जहाजांची लढाई टेबलावरही खेळतात. पाणी लागत नाही. टेप लावून अंतर मोजायचं, फासे टाकून तोफ लागली की नाही ते ठरवायचं. मीही मग वाचलं. १८९८ साली फ्रेड जेन नावाच्या इंग्रजानं असा एक खेळ काढला होता. त्यात समोरच्या जहाजाच्या चित्रावर टाचणी लावलेला स्ट्रायकर आपटायचा आणि भोक कुठं पडलं ते बघायचं. १९४२ साली लिव्हरपूलमध्ये तर नौदलाच्या तरुण मुली एका मोठ्या खोलीच्या फरशीवर खडूनं रेघा ओढून जर्मन पाणबुड्यांशी असंच लढत होत्या, आणि त्यातून शिकलेले डाव अटलांटिकमध्ये खरोखरच वापरले गेले. त्या खोलीत भर लढाईत कुणाची आई केरसुणी घेऊन येत नसणार, एवढं नक्की.

आम्हीही आधी स्ट्रायकर वापरून पाहिला. कॅरमचा. एका फटक्यात खांदेरी म्हणून ठेवलेली बशी फुटली. मग ल्यूडोचे फासे आले.

जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरली. आम्ही एका इंचाला २५ फूट धरले, म्हणजे शंभर फुटांचं जहाज चार इंचांचं. प्रमाण एकच ठेवायचं असा भाच्याचा आग्रह. हिशेब केला तर मुंबई खांदेरीपासून सहासष्ट-सदुसष्ट मीटरवर आली, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, गुळाच्या ढेपांच्या मागं. दोन दिवस भाचा इंग्रजांची कुमक तिथून घेऊन येत होता. येताना शेंगदाणे आणत होता.

पहिले प्रेक्षक होते गल्लीतले एक निवृत्त सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे इथं दर तिसऱ्या गल्लीत एक सुभेदार आजोबा असतातच. ते बराच वेळ चादरीकडं बघत उभे राहिले.

"काय करूलास रे?"

"समुद्रातली लढाई, आजोबा."

"हां. खरं पाणी कुठं हाय?"

बेळगावच्या मराठीत "खरं" म्हणजे "पण". बाहेरच्या माणसाला वाटतं, आजोबांना खरंखुरं पाणी हवंय. तसा विचार केला तर दोन्ही अर्थ बरोबरच होते.

आता मराठ्यांना एक गुराब हवी होती. गुराब आणि गलबत यातला फरक इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढं निमुळती होत गेलेली टोकदार नाळ, आणि त्या नाळेच्या मागून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत लहान. एक मोठं तिकोनी शीड, चाळीस-पन्नास वल्ही, हलक्या तोफा. वारा असला की गुराब राणी. वारा पडला की गलबतं वल्ही मारत येतात, राणीला दोर बांधतात आणि ओढत नेतात. गलबतं आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांची केली. वल्ह्यांसाठी खराट्याचे हीर तोडले, एका गलबताला चाळीस. आठ गलबतांत खराटा संपला. आईनं विचारलं, मी सांगितलं, "आरमार." ती काही बोलली नाही. चपलेच्या प्रकरणानंतर आरमार या शब्दाला घरात वजन आलं होतं.

गुराब मी थर्माकोलची कोरली. तीन संध्याकाळी लागल्या. मग स्प्रे रंग मारला, आणि डोळ्यांदेखत तिचा अर्धा भाग विरघळून गेला. ज्यांनी कधी थर्माकोलवर स्प्रे मारला आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

इथं पॅटर्नवाले काका आले.

बेळगावात उद्यमबागेत आणि आसपास ओतकाम चालतं. बीड ओतायचं तर आधी वाळूत साचा लागतो, आणि साच्यासाठी लाकडाचा हुबेहूब नमुना. तो करणारा तो पॅटर्नवाला. आमचे काका तीस वर्षं हे काम करतात आणि एक दशांश मिलिमीटरच्या खाली कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी विरघळलेली गुराब बघितली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे असं न्हवं. सागवान पाहिजे."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं वर्षानुवर्षं टिकली. १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. काकांनी नमुन्यातला उरलेला सागवानी तुकडा आणला, पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "ड्राफ्ट किती ठेवू?"

मी पुस्तकं वाचून बसलो होतो. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसतं ते. आपल्या जहाजांची सगळी खुबीच ती! मी छाती फुगवून म्हणालो, "अगदी कमी ठेवा काका. शून्याजवळ."

काका चमकले. "शून्य? निघणार न्हाई."

"निघेल, निघेल. उथळ पाण्यातून निघेल."

ओतकामात ड्राफ्ट म्हणजे नमुन्याच्या बाजूंना दिलेला उतार. तो असला तरच नमुना वाळूतून अलगद वर येतो. हे मला चार दिवसांनी कळलं, जेव्हा काकांनी अत्यंत सुबक, चारही बाजूंनी काटकोनात उभी, पॉलिश केलेली सागवानी वीट टेबलावर ठेवली. पुढच्या टोकाला चोच होती, म्हणून पुढचं कोणतं ते समजलं. "तुम्ही सांगितलंसा म्हणून केलं," काका म्हणाले. शिवाय बीड थंड होताना शंभरात एक भाग आकसतं म्हणून हाताच्या सवयीनं त्यांनी गुराब तेवढी मोठी केली होती. चार इंचांना एक मिलिमीटर जादा. "आपण ओतणार नाही आहोत काका," मी म्हणालो. "आसू दे," ते म्हणाले, "पुढं-मागं."

मग तोफा. तोफांसाठी मी रिफिलच्या नळ्या कापत होतो, तेव्हा निपाणीची आत्या आली होती. निपाणी म्हणजे तंबाखू. तिथल्या हवेत उतरलं की पहिल्यांदा नाक सांगतं. आत्यानं उभा जन्म बिड्या वळल्या. तिनं रिफिलकडे बघितलं. "हे असं न्हवं. नळी वळायची तर माझ्यासारखीला सांग की. किती हजार पाहिजेत?"

बिडीची मजुरी हजारावर असते. आत्याला त्याहून खालचा आकडा मोजायची सवय नाही. मी म्हणालो, "बारा." तिला वाटलं, बारा हजार. ती म्हणाली, "धा-बारा दिवस लागतील." मी म्हणालो, नुसत्या बारा. आत्याला आयुष्यात एवढं अपमानास्पद काम कुणी दिलं नव्हतं.

तरी तिनं केलं. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, पत्र्याच्या मापानं कापली आणि बोलता बोलता बारा तोफा वळून टाकल्या. बघायलाही वेळ मिळाला नाही. एकसारख्या, मागं निमुळत्या, पुढं जाड, तोंडं नखानं मिटलेली, कमरेला दोऱ्याचं वेढणं. काळा रंग दिल्यावर तोफ आणि बिडी यातला फरक ओळखणं अशक्य झालं. याचे परिणाम पुढं आले.

उरलेल्या पानांची तिनं शिडंही करून दिली. दिसायला उत्तम, रंग थेट जुन्या शिडासारखा. रात्री ती वाळली आणि सकाळी तिन्ही शिडांच्या तीन बिड्या झालेल्या होत्या. पानाला एकदा वळायचं ठाऊक झालं की ते दुसरं काही व्हायला तयार नसतं. मग शहापूरच्या मामांनी, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग आहेत, साडीच्या तुकड्याची शिडं शिवली. पण त्यांच्या मते नुसतं पांढरं कापड म्हणजे अवकळा, म्हणून प्रत्येक शिडाला काठ आला. जरीचा. आता गुराब वीट होती, तिला बारा बिड्या होत्या आणि ती लग्नाला निघाली होती.

शेवटी कन्नड शाळेतले शेजारचे मास्तर आले. मला वाटलं, हे तरी काही म्हणणार नाहीत, मराठ्यांच्या जहाजात त्यांना काय रस? मास्तरांनी आरमार शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "बसरूर एल्ली? कुठं आहे?"

मास्तरांचा मुद्दा बिनतोड होता. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून जहाजात बसले. बरोबर ८५ गलबतं आणि तीन मोठी जहाजं. आणि गेले कुठं, तर बसरूरला, आत्ताच्या उडुपी जिल्ह्यात. "तुमच्या आरमाराची एवढी मोठी मोहीम," मास्तर म्हणाले, "कर्नाटकात." इतर वेळी असं वाक्य बेळगावात चहा थंड करून टाकतं. पण मास्तर पुढं म्हणाले, की मग उल्लाळची राणी अब्बक्काही हवी, तिनं सोळाव्या शतकात पोर्तुगीजांना पळवलं होतं, आणि ती अग्निबाण सोडायची असं लोक सांगतात. तेव्हा गुराबीवर दोन अग्निबाण हवेत. वादाचा मुद्दा राज्याचा न राहता शस्त्रांचा झाला, आणि शस्त्र जादा मिळत असेल तर आमच्याकडं कुणीच नको म्हणत नाही. गुराबीच्या नाळेवर दोन आगकाड्या आल्या. सुभेदार आजोबांनी तोफा "सज्ज" रांगेत नाहीत म्हणून सगळ्या उपटून, दोरा धरून पुन्हा लावल्या आणि सर्वांत उंच काठीवर भगवा चढवला.

इतिहासात याला तोड आहे. १६५९ च्या सुमाराला महाराजांनी कल्याणला जहाजं बांधायला रुई लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीजाला माणसांसह नेमलं होतं. पुढं वसईच्या पोर्तुगीजांनी फितवलं आणि हे कारागीर काम टाकून पळून गेले. आपल्या लोकांनी मग जहाजं स्वतःच पुरी केली आणि आरमार उभं राहिलं. मी हे वाचलं तेव्हा महाराजांचा मला हेवा वाटला. आमचे कारागीर पळून जायचं नावच घेत नव्हते.

मे महिन्यात लढाई ठरली. इंग्रज कोण होणार यावर आठवडा गेला. शेवटी भाच्याला केलं, तो इंग्रजी माध्यमाचा म्हणून. वाऱ्यासाठी नियम साधा होता. छताचा पंखा चालू म्हणजे वारा आहे, गुराब आठ इंच पुढं. पंखा बंद म्हणजे वारा पडला, गुराब जागेवर, गलबतं तीन इंच. वाऱ्याची दिशा पंख्याला नसते, म्हणून ती फाशावर.

गुराबीचं मुख्य संकट मात्र नियमात नव्हतं. तिला हात लावता येत नव्हता. कुठं धरावं तिथं काहीतरी होतं, जर धरली तर जर सुटे, डोलकाठी धरली तर डोलकाठी हाती येई, आणि बाजूच्या तोफांना बोट लागलं की सुभेदार आजोबा उभे राहत. तिला उचलण्याचा मान फक्त पॅटर्नवाल्या काकांना. दोन बोटांनी, श्वास धरून. आणि काकांची दुसरी पाळी होती. म्हणून पहिल्या दोन डावांत मराठ्यांची गुराब जागची हलली नाही, आणि भाच्याची चप्पल टेबलभर फिरली. तिला कशीही उचला. ती दोनदा खाली पडली, एकदा पायाखाली आली. पायाखाली येणं तिला नवीन नव्हतं. भाच्यानं तीन गलबतं बुडवली.

साडेनऊला काका आले. हात पुसून त्यांनी गुराब उचलली, आठ इंच पुढं नेली आणि 'रिव्हेंज'च्या बरोबर समोर ठेवली. पुढच्या दोन तोफा रोखल्या गेल्या. आत्यानं पदर खोचला. त्या क्षणी बाहेर वळीव कोसळला आणि वीज गेली.

पंखा गरगरत थांबला.

"वारा पडला," अंधारातून भाचा म्हणाला. "गुराब जाग्यावर."

"पडला?" मामा ओरडले. खिडकीची दारं धाडधाड आपटत होती, चादरीचा समुद्र फुगून खांदेरी कलंडली होती. "हे काय वारं न्हवं तर?"

"नियमात पंखा हाय," भाचा म्हणाला. इंग्रज म्हणून तो चांगला मुरला होता.

मेणबत्ती शोधेपर्यंत भांडण रंगलं. वळीवाचा वारा धरायचा तर दिशा कोणती? मास्तर म्हणाले, हुबळीकडून आहे. काका म्हणाले, कोल्हापूरकडून. आत्या म्हणाली, दोन्ही न्हवं, निपाणीकडून आहे, मला वास येऊलाय.

खरोखरच वास येत होता. आम्ही सगळे थांबलो. टेबलाच्या त्या टोकाला अंधारात एक लाल ठिपका चमकला, मोठा झाला, लहान झाला. सुभेदार आजोबांनी, करमत नाही म्हणून, हाताला लागली ती बिडी उचलली होती आणि नाळेवरच्या अग्निबाणानं पेटवली होती. आत्याच्या हातानं सवयीनं बाराही तोफांत तंबाखू भरली होती, हे त्या दिवशी उघड झालं.

मेणबत्ती लागली. धूर सरळ गुराबीच्या जरीकाठी शिडांवरून पुढं 'रिव्हेंज'कडं चालला होता. मास्तरांनी खिशातून वही काढली आणि दिशा टिपून घेतली. काका पुन्हा गुराब उचलायला वाकले, भाचा टेबलावर आडवा पडून चपलेवर हात धरून बसला, आणि आत्या आजोबांना विचारत होती, ओढायला कशी झालीय.

"रंग लागतोय जरा," आजोबा म्हणाले. "आनी एक तोफ दे बघू."